टाचेची उंची

मी माझ्या बायकोला ओळखलं नाही. रस्त्याच्या पलीकडे टपरीवर उभा होतो, चहा बशीत ओतलेला, नजर आपल्या दुकानावर. कारण दुकानदाराची नजर चहा पितानाही दुकानावरच असते. बाजाराच्या तोंडाकडून एक बाई येत होती. पदर खोचलेला, हातात पिशवी, ऑटोच्या गर्दीतून कुणाला धक्का न लावता वाट काढत. मला तिची चाल आवडली. सांगायला हरकत नाही, या वयात परक्या बाईची चाल आवडल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. ताठ, जराशी ठेक्यातली चाल होती आणि मान वर. ती आमच्याच दुकानाच्या पायरीशी थांबली, उजवा पाय आधी टाकून कठड्याला न धरता वर चढली, पाणी भरायच्या पितळी गुंडांच्या उतरंडीला वळसा घालून गल्ल्यामागे बसली, तेव्हा मला कळलं की ही निर्मला आहे. चहा शर्टावर सांडला. टपरीवाला म्हणाला, “काय झालं भूपेंद्रभाऊ, चटका लागला का?” मी हो म्हणालो. खरं तर चटका वेगळाच होता. त्याच सकाळी मी याच बाईला स्वयंपाकघराच्या फरशीवरून बगलेत हात घालून उचललं होतं. चुलीपासून माठापर्यंत जाताना ती मागच्या मागे कोसळली होती. चार पावलांचं स्वयंपाकघर जिला पार होत नाही, ती घरापासून बाजारापर्यंत एकटी चालत आली होती, आणि मला काही न सांगता.

मी लगेच पलीकडे गेलो नाही. रिकामी बशी हातात धरून उभा राहिलो आणि काचेतून तिला पाहत राहिलो. कुणीतरी खेड्यावरची बाई लेकीच्या लग्नासाठी गुंड पाहायला आली होती. निर्मलानं गुंड उचलला, बोटाच्या पेरानं वाजवला, त्या बाईच्या कानाशी नेला. मला आवाज ऐकू आला नाही, पण निर्मलाचं तोंड हलताना दिसलं, आणि ती बाई हसली. हसलेलं गिऱ्हाईक परत जात नाही, हे मला माझ्या बापानं शिकवलं होतं. निर्मलाला कुणी शिकवलं?

पाय गेला तो एवढ्याशा कारणानं गेला. अंगठ्याशेजारी कुरूप होतं, तिनं ते माझ्या दाढीच्या ब्लेडनं कापलं. आमच्याकडे बायका असंच करतात, त्यात नवल काही नाही. अंगात साखर होती हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. जखम भरेना, मग काळी पडली, मग डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी समजलो. डावा पाय गुडघ्याखाली वीतभर ठेवून कापला. पुढे जखम भरून सूज उतरल्यावर हमरस्त्यालगतच्या केंद्रात पाय बसवायला नेलं. तिथली टीना मॅडम म्हणजे आमच्या लेकीच्या, हर्षाच्या वयाची पोरगी. केस आखूड, बोलणं तुटक, पण हात असा हळू की उरलेल्या पायाला तिनं पहिल्यांदा हात लावला तेव्हा निर्मलानं श्वास रोखला आणि मग सोडला. हाडं कुठे टोचतील तिथे तिनं निळ्या पेन्सिलनं खुणा केल्या, ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या, गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे दाबून धरले. “वजन इथं यायला पाहिजे काकू,” ती म्हणाली, “खालच्या टोकावर नाही. टोकावर आलं का जखम झालीच समजा.” साचा वाळून निघाला तेव्हा मी तो हातात घेऊन पाहिला. साच्याचं मला कळतं. आमची भांडी साच्यातून आणि ठोकण्यातून निघतात. पण आतला पोकळ भाग बाईच्या पायाचा आहे म्हटल्यावर मी तो घाईघाईनं खाली ठेवला.

पुढे पायच आला. वर घट्ट सॉकेट, आत मऊ अस्तर, खाली नळी, नळीच्या टोकाला रबराचं पाऊल, गुडघ्यावरून आवळायचा पट्टा. उरलेला पाय दिवसभरात बारीक होत जातो म्हणून सुती मोजे दिले, सैल वाटलं की एकावर एक चढवायचे. मी नळीवर टिचकी मारली. ॲल्युमिनियम. आवाजच नाही. जन्मभर पितळ विकलं आणि बायकोला ॲल्युमिनियमवर उभं केलं, असं मी म्हणालो तेव्हा टीना मॅडम हसली, निर्मला हसली नाही. ती आरशात खाली पाहत होती. त्या दिवशी ती हर्षाच्या लग्नातली नऊवारी नाही, पण त्यानंतरची सर्वांत चांगली साडी नेसून गेली होती, आणि पिशवीतून लग्नातलेच सँडल काढले होते, किरमिजी, उंच टाचेचे. मोठ्या ठिकाणी जाताना माणूस बरं घालून जातो. टीना मॅडमनं ते सँडल दोन्ही पावलांत घालून तिला आधाराच्या दोन आडव्या दांड्यांमध्ये उभं केलं, एलन की नावाच्या छोट्या पान्यानं पाऊल जरासं इकडे, जरासं तिकडे वळवलं, आणि विचारलं, “काकू, रोज हेच घालता ना? घरातबी?” निर्मला म्हणाली, “हो.” मीही मान हलवली. एवढ्या चकचकीत खोलीत, घरात आम्ही अनवाणी असतो हे सांगायला जीभ रेटत नाही.

घर म्हणजे माझी मोठी बहीण ताराबाई, घरात आम्ही तिला नुसतं बाई म्हणतो. लहान वयात विधवा झाली, तेव्हापासून आमच्याकडेच. आई गेल्यावर आईचे सगळे नियम तिच्या अंगावर आले आणि ती ते दागिन्यांसारखे वागवते. त्यातला पहिला नियम असा की चप्पल दारापुढच्या ओट्याच्या आत येत नाही. सरकारी साहेब आला तरी नाही, डॉक्टर आला तरी नाही. मी लहान असताना एकदा शाळेचे बूट घालून पाणी प्यायला आत पळालो होतो, तर आईनं सगळं घर शेणानं सारवायला काढलं होतं. आता फरशी आहे, शेण नाही, पण नियम आहे. त्यामुळे निर्मला बाहेरून आली की ओट्यावर बसते, आधी उजव्या पायातला सँडल काढते, मग रबराच्या पायातला काढते, दोन्ही भिंतीला लावून ठेवते आणि भिंत धरून आत येते. आणि आत आली की वेगळीच बाई होते. पोट पुढे, खांदे मागे, डावा गुडघा उलटा रेटल्यासारखा ताठ. दोनदा माठाशी पडली, एकदा देवघराच्या दारात. पुढे पुढे ती पडायच्या आधीच बसायला लागली. भाजी बसून, पोळ्या बसून. आणि मग पोळ्या ताराबाईकडे गेल्या, पाणी भरणं माझ्याकडे आलं, देवाचा दिवा ताराबाईनं उचलला.

“नाटक हाये,” ताराबाई म्हणाली. निर्मला मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती तेव्हा म्हणाली, पण आवाज काही खाली आणला नाही. “बाहीर पाहा, कशी ठुमकत जाते. घरात आली का पाय मोडते. मले का डोये नाहीत?” मी म्हणालो, “बाई, तिचा पाय गेला हाये, तुहा नाही.” ती म्हणाली, “मी का मनते पाय गेला नाही? मी मनते मन गेलं.” असं बोलून ती कणीक मळायला बसली, आणि मला दिवसभर ते वाक्य चपलेत गेलेल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

कारण टपरीवर उभ्या उभ्या मीही तेच पाहिलं होतं. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगतो. बायको पडते याची नव्हे; ती मुद्दाम पडते की काय, याची. माणसाला नको असलेल्या घरात शरीर आपोआप मोडून पडत असेल का? त्या दिवसापासून ती रोज दुकानात येऊ लागली होती. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही डबा खायला बसायचो, तेव्हा मी तिच्याकडे चोरून बघायचो. ती पट्टा सैल करून सॉकेट काढायची, मोजे उलटे करून वाळत घालायची, उरलेल्या पायाला फडक्यानं पुसायची. गुडघ्याखाली सॉकेटची लाल कड उमटलेली असायची. एकदा म्हणाली, “अवो, अंगठा खाजून राहिला.” मी म्हणालो, “कोणता?” म्हणाली, “जो नाही तो.” आणि दोघंही काही वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो. मला वाटलं विचारावं, घरात तुला काय होतं? पण तीस वर्षांत मी तिला घराबद्दल कधी काही विचारलेलंच नव्हतं. घर म्हणजे ते जे आहे ते, त्यात विचारण्यासारखं काय असतं? दुकानाबद्दल विचारतात, मालाच्या भावाबद्दल विचारतात. तिनं कडीचा डबा माझ्याकडे सरकवला, म्हणाली, “जेवा, थंडं होऊन राहिलं.” डब्यातली भाजी ताराबाईच्या हातची होती, तिखट आणि आळणी एकदम.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते मोहाडीच्या बाजारात. पाहायला म्हणून रीतसर गेलो त्याच्या आधी. वडिलांबरोबर वसुलीला गेलो होतो, आणि मिरचीच्या ओळीत एक मुलगी पोत्यावर उभी राहून ओरडत होती. बाप तिचा खाली तागडी धरून बसलेला, आणि ही वर, लाल धुळीत, नाकाला ओढणी बांधून, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावानं हाका मारत. कुणाला मामा, कुणाला वैनी, सगळा बाजार तिच्या नात्यातला. गिऱ्हाईक निघून जाऊ लागलं की ती भाव कमी करायची नाही, गप्प व्हायची. नुसती बघत राहायची. आणि चार पावलं गेलेला माणूस मागे फिरायचा. मी वडिलांना म्हणालो, पोरगी आवाजाची आहे. ते म्हणाले, सासरी आली की आवाज बसतो. त्यांनी हे समजूत घातल्यासारखं सांगितलं होतं, वाईट हेतूनं नाही. आणि तसंच झालं, आणि ते मला कुणी कधी दाखवून दिलं नाही. आवाज बसला. चहा ठेवू का, दिवा लावला का, हर्षाला ताप आहे, एवढ्यातच तो मावायला लागला. आता गल्ल्यामागे बसल्यापासून तो परत आला होता. वरठीहून कारखान्यातल्या माणसांच्या बायका यायच्या, त्यांना ती मामी म्हणायला लावायची. गुंड वाजवून कानाशी न्यायची ही युक्ती माझी नव्हती, माझ्या बापाची नव्हती, मिरची तर वाजत नाही. ती तिनं आमच्याच दुकानात, पाय गेल्यावर, स्वतः काढली होती. आणि मला अभिमान वाटायच्या जागी हेवा वाटत होता. कशाचा, ते कळत नव्हतं. दुकानाचा हेवा? तिला जे आमच्या घरात सापडलं नाही ते माझ्या दुकानात सापडलं, मग हेवा करायला मी उरतो कुठे?

पट्टा सैल झाल्याचं निमित्त करून मी तिला केंद्रात घेऊन गेलो. ऑटोत ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी मनात वाक्य जुळवत होतो, टीना मॅडमना एका बाजूला घेऊन विचारायचं, की मॅडम, असं होतं का, पाय ठीक असतो आणि माणूसच… पण ते विचारायची वेळ आली नाही. पट्टा दाखवता दाखवता ती घरात पडते एवढं मी बोलून गेलो. टीना मॅडम म्हणाली, “काका सांगतात काकू घरात पडून राहिल्या. बघू, घरात कशा चालता, तशा चालून दाखवा.” निर्मला खुर्चीवर बसली. उजव्या पायातला सँडल काढला, डाव्या पायातला काढला, दोन्ही भिंतीला लावून ठेवले आणि उठली. दांड्यांमध्ये दोन पावलं टाकली. पोट पुढे, खांदे मागे. टीना मॅडमनं कपाळाला हात लावला.

“काकू! तुम्ही घरात अनवाणी चालता?”

“मंग का देवघरात सँडल घालून जाईन?”

“अवो पण मी विचारलं होतं ना! रोज हेच घालता का म्हणून!” तिनं मला बोलावून खाली बसवलं, आणि मी फरशीवर उकिडवा बसून बायकोच्या पायाकडे पाहिलं, इतक्या जवळून बहुतेक पहिल्यांदाच. खऱ्या पावलाला घोटा असतो, तो उंच टाचेशीही जुळवून घेतो, जमिनीशीही. हे रबराचं पाऊल नळीला एका कोनात पक्कं बसवलेलं, आणि तो कोन सँडलच्या टाचेच्या उंचीचा. सँडल काढला की टाच खाली जाते, नळी मागे झुकते आणि गुडघ्याला मागे ढकलते. चढावर तोंड करून उभं राहिल्यासारखं, सतत, चुलीशी, माठाशी, देवाशी. “नाटक नाही ना?” माझ्या तोंडून निघून गेलं. टीना मॅडम म्हणाली, “कसलं नाटक काका? मी असती तर पहिल्याच दिवशी पडली असती.” आणि माझ्या छातीवरून कुणीतरी वजन उचललं. मला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं. घर नको म्हणून नव्हे, टाचेमुळे! सगळं एका टाचेमुळे! टीना मॅडमनं खिशातून एलन की काढली होती. “आता सपाट करून देते. घरात अनवाणी चाला, बाहेर सपाट चप्पल घाला, दोन्हीकडे जमते. फक्त उंच टाच विसरायची.” मी म्हणालो, “करा, करा. आत्ताच करा.”

“थांब बाई,” निर्मला म्हणाली. तिनं नळीवर हात ठेवला होता. “राहू दे तसाच.”

“काहून काकू? पडाल ना!”

“मले मालूम होतं.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती. “बाई मोहाडीले गेल्या होत्या, तुमी दुकानात. मी सँडल घालून सैपाकघरात गेली. माठापावतर गेली, चुलीपावतर आली. काही नाही झालं. नीट चालली.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

“सांगतलं असतं तं तुमी त्याच दिवशी सपाट चप्पल आणली असती.” आता तिनं वर पाहिलं. “घरासाठी पाय बसवला का सारं घर त्या पायावर येऊन बसते. मंग दुकानात कोन जाऊ देते मले? आता पडते म्हणून कोनी हाका मारत नाही. पडलं तं दुखते, पण हाका नाही ऐकू येत.”

मी फरशीवरच बसलेलो होतो. म्हणजे माझी भीती खोटी नव्हती. तिचं कारण तेवढं दुसरं होतं. माझ्या घरात पडणं तिला परवडत होतं. हे मी मनाशी सावकाश म्हणून पाहिलं, आणि मला वाटलं होतं तितका राग आला नाही, लाज मात्र आली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी ती पोत्यावर उभी असलेली मुलगी इतक्या वर्षांनी समोर दिसल्याचा एक चोरटा आनंदही झाला. टीना मॅडम पाना हातात धरून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. आमच्याकडे शेवटी नवऱ्याकडेच बघतात. निर्मला काहीच बोलत नव्हती. नुसती बघत होती. तिनं भाव सांगितला होता आणि ती तो कमी करणार नव्हती.

“सँडल घालून घरात चाल,” मी म्हणालो.

“देवघरात?”

“देवघराचं मी करतो. दिवाबत्ती, पाणी, सारं.”

“आन बाई?”

हा खरा भाव होता. मी उठलो, गुडघे कटकट वाजले, खऱ्या हाडांचे. “बाईले मी सांगतो,” मी म्हणालो. “आजच.” टीना मॅडमनं पट्टा आवळून दिला, पाना खिशात टाकला, आणि अजून एक मोजा चढवायला सांगून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी पोचलो तेव्हा ताराबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी पुढे होतो. मी सवयीनं चपला काढल्या. माझ्यामागून निर्मला पायरी चढली, ओट्यावर बसली नाही, थांबली नाही, आणि सँडलसकट उंबरठा ओलांडून आत गेली. टाचांचा आवाज फरशीवर असा काही आला की ताराबाईच्या हातातलं सूप तिरकं झालं. तिनं आधी निर्मलाच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाटेत मी बरंच काही जुळवलं होतं, कोन, घोटा, नळी, टीना मॅडम काय म्हणाली. त्यातलं एकही आठवेना.

“बाई,” मी म्हणालो, “ते सँडल नोहे. तिचा पायच तसा हाये. टाचेसकट.”

ताराबाईनं विचार केला. ती वाटते तितकी आडमुठी नाही, समोरच्याचं बोलणं तोलून बघते. सुपातला एक खडा उचलून तिनं बाजूला टाकला.

“बरं,” ती म्हणाली. “डावा पाय समजला. आन उजव्या पायातला?”

मी तोंड उघडलं. उजवा पाय खरा होता, पाच बोटांचा, हळदीकुंकवाचा, तीस वर्षं या घरात अनवाणी फिरलेला, आणि त्यात घातलेल्या सँडलला सँडलच म्हणावं लागणार होतं. मी ओट्यावर अनवाणी उभा राहून उत्तर शोधत होतो. निर्मला तोवर आत पोचली होती.